खूण

कुंद्याच्या रिकाम्या डब्यात माझी हत्यारं:
दोन मार्कर, एक काळं, एक हिरवं,
स्पिरिटची बाटली, कापूस,
आणि खोकल्याच्या औषधाचं मापाचं झाकण, मधोमध कापलेलं.
चेंडू त्यात बसवला, कडेकडेनं मार्कर फिरवलं
की रेघ सरळ येते.

कॅम्पात साडेपाचला धुकं असतं.
साहेब लोक यायच्या आत
बाकावर बसून मी बारशी उरकतो.
कंपनी तीच, आकडा तोच, पांढरेपणाही तोच.
ब्रिगेडियरसाहेबांना तीन हिरवे ठिपके, रांगेत, ढिले नकोत.
उद्यमबागच्या फौंड्रीवाल्या शेटनी
कारखान्याचं नाव छापलेले तीनशे चेंडू करून आणले,
दिवाळीला सगळ्यांना वाटले,
आता घाणेरीच्या जाळीत सापडेल तो चेंडू शेटचा
आणि शेटचा एकही सापडत नाही.

सातव्यावर एकदा दोन चेंडू वीतभर अंतरावर पडले.
दोन्ही तीन नंबर. दोन्ही कोरे.
माझा हा. नव्हे, माझा हा.
नियम असा, की ओळख पटली नाही
तर दोन्ही हरवले.
समोर दिसत होते, दवानं ओले,
आणि हरवले होते.
दुसऱ्या दिवसापासून माझा धंदा वाढला.

हिरेमठ डॉक्टर म्हणाले, भरमा, कन्नड ‘हि’ काढ.
मला कुठं येतंय?
रेणुका, माझी धाकटी, त्यांच्या शाळेत जाते.
तिनं पाटीवर गिरवून दाखवलं. म्हणाली,
बाबा, हात उचलायचा नाही, फिरवत न्यायचा.
गोल अक्षर गोल चेंडूवर असं बसलं
जसं सदऱ्याला बटण.

वकील किल्लेकरांना ते दिसलं.
मला आपल्यातला ‘कि’ पाहिजे, ठसठशीत,
वर शिरोरेघ.
शिरोरेघ चेंडूवर थांबत नाही.
ओढत गेलं की पलीकडच्या उतारावर जाते,
मग तिथंच सोडून द्यायची.
पण हिरवळीवर वकिलांनी ती रेघ भोकाच्या दिशेनं धरली
आणि हलकेच मारलं.
टक्.
पुढच्याला परत टक्.

डॉक्टर दोन डाव हरले, चहा पाजला,
जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले,
त्यांच्या अक्षरावरची तेवढी रेघ मला दे.
नुसती रेघ. अक्षर माझंच राहू दे.
दिली. आता दोघंही बरोबरीत हरतात.

गावात पाट्यांना डांबर फासतात
त्या आठवड्यात मी डबा घरी ठेवतो.
काळं मार्कर खिशात घेऊन गोगटे सर्कलवर कोण उभा राहील?
चेंडूवर लिहितो, साहेब, म्हटलं
तर कुठला शिपाई विश्वास ठेवेल?

एक चेंडू मात्र मी कुणाला देत नाही.
नाल्यातल्या गाळात सापडला, मे महिन्यात, पाणी आटल्यावर.
त्यावर नेलपॉलिशचा ठिपका, डाळिंबी.
डिसोझा मॅडमचा.
त्या स्वतःच लावायच्या, गाडीच्या बोनटवर चेंडू ठेवून,
उरलेलं करंगळीच्या नखाला.
त्यांना जाऊन चार वर्षं झाली.
मुलगा मडगावला असतो. कळवावं म्हणतो,
पण फोनवर सांगायचं काय?

सोमवारी मैदान आमचं, कॅड्यांचं.
माझ्या चेंडूवर काही लिहिलेलं नाही.
क्लबाच्या कुत्रीनं लहानपणी चावलाय,
दाताच्या चार खुणा.
लांबून सगळे सारखेच पांढरे दिसतात,
आणि खूण, मेली, नेहमी खालच्या अंगाला.
उलटून बघायचं तर आधी शेजारी टी खोचायची,
समोरच्याला हाक मारून सांगायचं,
‘परश्या, उचलूलालोय हं, बघ.’
तो लांबून हात वर करतो.
मग दोन बोटांनी, गवत न दाबता,
फिरवायचा.